एक शंका राहिली

मगदूम मॅडमना कुणाच्याही दुकानातून, कारखान्यातून किंवा घरातून सरळ बाहेर पडता येत नाही. निरोप घेऊन होतो, हात जोडून होतात, एक पाय चपलेत जातो आणि दुसरा अधांतरी थांबतो. मग मॅडम मान वळवून म्हणतात, "एक शंका राहिली." त्यानंतर तो दुसरा पाय चपलेत जायला अर्धा तास तरी लागतो. पुष्कळदा पहिलाही बाहेर येतो आणि मॅडम पुन्हा आत जाऊन मांडी घालून बसतात.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर नवा दिवाणजी आला होता. त्याला ही सवय ठाऊक नव्हती. मॅडम दारात थबकल्या आणि म्हणाल्या, "जरा शंका होती." त्याने संकोचाने मान खाली घातली आणि सांगितलं, "मागच्या अंगाला, उजव्या हाताला. बादली भरून ठेवलीया." दुसरी बाई असती तर लाजली असती नाहीतर चिडली असती. मॅडम निमूटपणे मागे गेल्या, आणि परत आल्या त्या गोदामाला मागून आणखी एक दार आहे ही बातमी घेऊन. आमच्या कागदोपत्री त्या दाराचा पत्ताच नव्हता आणि निम्मा माल तिथूनच बाहेर पडत होता.

मॅडम सांगलीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहेत. या पदाचा अर्थ माझ्या आईला मी अजून समजावू शकलेलो नाही, पण प्रयत्न करतो. गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि आम्हा प्रोग्रॅमरांना कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. गिऱ्हाइकाला आपल्याला काय हवंय ते सांगता येत नसतं आणि आम्हाला सांगितलेलं कळत नसतं. म्हणजे लग्न जुळवणाऱ्या माणसाचंच काम. फरक इतकाच, की इथे भांडण लग्नाआधीच सुरू होतं.

मोठ्या शहरांत हे काम एसीत बसून करतात. मॅडमचा त्यावर विश्वास नाही. गिऱ्हाईक आपला धंदा समजावून सांगू लागलं, की त्या शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "हे वरचं झालं. आता आतलं सांगा." आणि हे आतलं काही टेबलाशी मिळत नाही, त्यासाठी आत जावं लागतं. त्या जातात. एखाद्या कामासाठी गेल्या, की त्या घरातली मांजरं त्यांच्या पायात घोटाळायला लागेपर्यंत परत येत नाहीत.

मी मूळचा साताऱ्याचा, म्हणून त्या मला सातारकर म्हणतात. माझं खरं नाव ऑफिसात आता फक्त पगाराच्या वेळी वापरतात. मला घेतलं प्रोग्रॅमर म्हणून, पण पहिल्याच आठवड्यात मॅडमनी माझी स्कूटर पाहिली. "सातारकर, गाडी काढ रं," एवढ्या चार शब्दांत माझ्या नोकरीचं स्वरूप बदललं.

त्या हळदीच्या पेढीचं काम चालू होतं तेव्हा मॅडम यार्डात जाऊन ज्या बसल्या त्या ऑफिसला दिसेनातच. अधूनमधून उगवायच्या त्या पिवळ्या होऊन. पदर पिवळा, चष्म्याच्या काड्या पिवळ्या, त्यांनी हात लावलेला कीबोर्ड पिवळा. ऑफिसातल्या एका नव्या पोरीने हळूच विचारलं, "मॅडमचं लग्न ठरलंय का?" मॅडम साठीकडे झुकलेल्या, लग्न न केलेल्या. हा विनोद सगळ्यांना फार आवडला, मलाही.

माझा प्रोग्रॅम तयार होता. पोती वजन करून आत, वजन करून बाहेर, उरलं ते शिल्लक. यात चुकायला जागाच कुठे होती? मॅडमनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. कपाळ पिवळं झालं. "अरे बाबा, हळद सुकती. गोदामात पडली की हलकी होती. तुझा कॉम्प्युटर दर महिन्याला बोंबलणार, माल कमी हाय म्हणून. आणि मालक धरणार त्या राखणदाराला." मग आम्ही 'घट' नावाचा एक रकाना टाकला. राखणदाराला यातलं काही कळलं नाही. तो मॅडमना अजून तंबाखू विचारतो आणि त्या अजून नाही म्हणतात.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलाचं काम आलं, तेव्हा शहाणी माणसं हिवाळ्यात गेली असती, स्ट्रॉबेरी खाऊन आली असती. मॅडम गेल्या ऐन श्रावणात, मला घेऊन. समोरचा माणूस दिसत नव्हता, माझे बूट तर आठवडाभर वाळले नाहीत. पण दरीकडची जी खोली उन्हाळ्यात सगळ्यांत महाग, तीच पावसाळ्यात सगळ्यांत ओली असते, गाद्यांना वास येतो आणि हॉटेलवाले ओळखीच्या माणसाला ती खोली कधीच देत नाहीत, हे मॅडमना तिथल्या आचाऱ्याच्या बायकोने चुलीपाशी सांगितलं. मालकाने सांगितलं नव्हतं. मालक पावसाळ्यात तिथे राहतच नव्हता.

आता यात कौतुकाचं बरंच आहे, हे मी मान्य करतो. पण त्या शंकेचं काय करायचं? काम संपायचं, सॉफ्टवेअर चालू व्हायचं, गिऱ्हाईक खूश व्हायचं, तरी मॅडमची एक शंका उरायची. मग सवडीने एखाद्या शनिवारी, "सातारकर, गाडी काढ रं. हळदीचं ते एक राहिलंय." आमचे मालक प्रशांतसर एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, ती सिस्टीम कधीची चालू आहे. अजून कसली शंका?" मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच. चालू असलेल्यालाच शंका असते. बंद पडलेल्याला कोण विचारतंय?" सरांना उत्तरं नंतर सुचतात.

यावेळचं उत्तर ते पुण्याहून घेऊन आले. तिथे कसल्याशा शिबिराला गेले होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, की यापुढे गिऱ्हाइकाकडे जाणं बंद. व्हिडिओवर मीटिंग करायची. एक प्रोग्रॅम ती मीटिंग ऐकेल आणि मुद्दे काढून देईल. धंद्याची सगळी माहिती आता नेटवर मिळते. काम झालं की फाइल बंद, येणं-जाणं बंद.

"नेटवर वास येतो का हो?" मॅडमनी विचारलं.

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवशी त्या डबा न उघडता तशाच बसून राहिल्या, हे मी पाहिलं होतं. डाएट असेल, असं मला वाटलं.

नव्या नियमातलं पहिलं काम मिरजेचं निघालं. इस्माईलचाचा तंबोरे बनवतात. वडिलांचा, आजोबांचा हाच व्यवसाय. ऑर्डरी आता परदेशातूनही येतात, कुणाचा तंबोरा कुठवर आलाय ते चाचांच्या डोक्यात असतं आणि डोकं आता दमायला लागलंय, म्हणून त्यांच्या सुनेने, शबानाने, आम्हाला फोन केला होता. मीटिंग झाली. चाचांचा अर्धाच चेहरा दिसत होता, वरचा. ते म्हणाले, "बाकी समदं सोपं हाय ओ. जवारीचंच काय ते बघा. जवारीवर समदं अवलंबून."

यंत्राने मीटिंग ऐकली आणि मुद्दे काढून दिले. त्यातला एक असा: 'ग्राहक प्रत्येक तंबोऱ्यासोबत ज्वारी पुरवतो. धान्याच्या साठ्याची नोंद आवश्यक.'

मॅडमना काय आनंद झाला! त्यांनी तो कागद सगळ्या ऑफिसभर फिरवला. "बघा तुमचं यंत्र! ज्वारी म्हणं! अवो, चाचा जवारी म्हणाले, जवारी!" सांगलीत जन्मलेल्या माणसाला जवारी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जवारी काकडी, जवारी मिरची, जवारी वांगं. जवारी म्हणजे देशी, अस्सल, आपल्या मातीतलं. मॅडमनी जैन शेतकऱ्याच्या घरात जन्म घेतलेला, बेळगावकडचं आजोळ. हा शब्द त्या दुधाबरोबर प्यायल्या होत्या. त्यांनी यंत्राचा मुद्दा खोडला, स्वतःचा लिहिला आणि मी त्याप्रमाणे स्क्रीन बनवली. पुढच्या मीटिंगला ती चाचांना दाखवली. तिथे एक प्रश्न होता, 'तंबोऱ्याचा प्रकार', आणि खाली दोन पर्याय: जवारी, हायब्रीड.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते अत्यंत आदराने म्हणाले, "मॅडम, हायब्रीड तंबोरा कुठं पिकतो ओ?"

मागे शबाना तोंडाला ओढणी लावून हसत असल्याचं दिसलं. प्रशांतसर लाल झाले. आणि मगदूम मॅडम, ज्यांनी आयुष्यात न बघता एक ओळ लिहिली नव्हती, त्या इतक्या बारीक आवाजात "चुकलं" म्हणाल्या, की यंत्राला तेही ऐकू गेलं नाही. मला फार वाईट वाटलं. त्यांची थट्टा करायचा मक्ता माझा होता. तो असा भर मीटिंगमध्ये दुसऱ्याकडे जावा हे मला रुचलं नाही.

वाचवलं चाचांनीच. "सर, मॅडमना हिकडं पाठवा. बघितल्याबिगर ह्यात काय कळायचं न्हाई. न्हाईतर माझं डोस्कंच बरं हाय."

सरांनी परवानगी दिली. "एकदाच," म्हणाले. हा 'एकदाच' सोमवारी सकाळी सुरू झाला आणि पुढचे कित्येक दिवस संपलाच नाही.

जवारी म्हणजे काय ते मला मॅडमनी इतक्या वेळा सांगितलंय, की तुम्हालाही सांगून टाकतो. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्याच्या बाजूला ज्या लहानशा घोडीवर टेकतात, तिचा माथा कानसेने घासत घासत असा काही आणायचा, की तार त्याला लागली न लागली अशी लागावी. मग ती नुसती वाजत नाही, गुणगुणत राहते. ही जवारी. किती घासायचं याला माप नाही. गाणारा कोण, त्याचा आवाज कसा, यावर ते ठरतं. मी विचारलं, "म्हणजे किती वेळ धरायचा? तासाचा रकाना ठेवायचा की दिवसाचा?" चाचा म्हणाले, "कान हो म्हणंल तवा." असा रकाना मला बनवता येत नाही.

मॅडम मात्र तिथे अशा रमल्या, की विचारू नका. कारखाना म्हणजे चाचांच्या घराचीच पुढची खोली. वर आढ्याला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि त्या भुशात मॅडम. हळदीचा पिवळा जाऊन आता तपकिरी रंग आला होता. येता-जाता स्कूटरवर मला भोपळ्यांची माहिती मिळायची. कुठून येतो, कसा निवडायचा, उन्हात वाळवायचा की सावलीत, किती दिवस; मिरज ते सांगली रस्त्यावर मी भोपळ्याचा पदवीधर झालो.

रमजानचा महिना होता. मॅडम सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत आणि चाचांच्या घरी सूर्य मावळल्याशिवाय कुणी खात नव्हतं. म्हणजे एका बाजूचं तोंड बंद व्हायचं तेव्हा दुसऱ्या बाजूचं उघडायचं. मॅडमना भलताच संकोच व्हायचा. उपाशी माणसांसमोर खायचं कसं? पण शबाना ऐकायची नाही. कांदा, बटाटा काही न घालता त्यांच्यासाठी पोहे करायची, स्वतः रोजा धरलेली, चव न घेता. "आक्का, दिवस बुडायला आला. आधी खाऊन घ्या बघू," म्हणायची. मीठ कधी जास्त व्हायचं, कधी विसरायचं. मॅडम ते पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खायच्या आणि मग मावळतीची मगरीबची बांग होईपर्यंत चाचांबरोबर गप्प बसून राहायच्या. चाचांनी खजूर तोंडात घातला, की निघायच्या. म्हणजे निघायला लागायच्या.

काम संपत आलं तेव्हा एक भांडण झालं. प्रत्येक ऑर्डरला शेवटी 'पूर्ण' असा शिक्का लागला पाहिजे, असं सरांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, "तंबोरा पूर्ण होत नाही."

"मॅडम, तंबोरा बनला, गिऱ्हाइकाने नेला. मग राहिलं काय?"

"जवारी. तार रोज घासते. घासून घासून घोडीला बारीक खळ पडते, आवाज बसतो. मग तंबोरा परत चाचांकडे येतो. चाचा परत जवारी काढतात. तंबोरा आहे तोवर हे चालायचं. चाचांच्या वडिलांनी विकलेले तंबोरे अजून येतात. 'पूर्ण' म्हणून बंद केलंत, तर तो परत आल्यावर त्याला ओळखणार कोण? कुणाच्या आवाजाला लावला होता, ते कुठून काढणार?"

सर माणूस हट्टी, पण वाईट नाही. त्यांनी विचार केला आणि मानलं. 'पूर्ण' गेलं. त्याच्या जागी मॅडमनी दोन शब्द लिहून दिले: 'परत येणार'. आजही चाचांच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाने नेलेल्या प्रत्येक तंबोऱ्यापुढे तेच दिसतं. पण उठता उठता सर म्हणाले, "ऑर्डरी ठेवा उघड्या. आपलं काम मात्र उद्या बंद. उद्या शेवटची खेप. मग मिरजेला जायचं नाही. हळदीकडेही नाही आणि त्या महाबळेश्वरलाही नाही. नियम म्हणजे नियम."

मॅडम "बरं" म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी सगळं सुरळीत झालं. शबानाने स्वतः एक ऑर्डर भरून दाखवली, चाचांनी लांबून मान डोलावली. पोहे झाले. मीठ बरोबर होतं. मॅडमनी हात जोडले, एक पाय चपलेत घातला आणि दुसरा थांबला. मी मनातल्या मनात हसलो.

"चाचा, एक शंका राहिली."

"बोला की."

"भोपळा उन्हात वाळवायचा की सावलीत?"

मी तोंड उघडलं. 'मॅडम, हे तर तुम्हीच मला सांगितलंय, पहिल्याच आठवड्यात,' असं म्हणणार होतो. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबलो. त्या चाचांकडे बघत नव्हत्या. त्या आतल्या दाराकडे बघत होत्या, जिथे शबाना खरकटी ताटली हातात घेऊन उभी होती. आणि इतके दिवस ज्या शंकांची मी टिंगल करत आलो, त्या सगळ्या एकदम माझ्या डोक्यात उभ्या राहिल्या. हळदीची, महाबळेश्वरची. त्यांतली एकही खरी नव्हती.

चाचांनी हातातली घोडी खाली ठेवली. त्यांच्या डोक्यावर आढ्याला डझनभर भोपळे लोंबत होते. त्यांनी वर बघायचंसुद्धा टाळलं.

"ते आसं तोंडानं न्हाई सांगता यायचं, मॅडम," चाचा म्हणाले. "भोपळं आल्यावर या. दावतो."

"भोपळे कधी येतील?"

"येतील की. ईदला येऊन बघून जावा. तवा न्हाई आलं, तर परत या."

मॅडमनी दुसरा पाय चपलेत घातला. अर्धा तास लागला नाही.

परतताना त्या भोपळ्यांविषयी बोलल्या नाहीत. रस्त्याला वर्दळ होती, ऊन उतरलं होतं. सांगलीत शिरताना, विश्रामबागच्या अलीकडे मीच विचारलं, "मॅडम, तुमचे भाऊ इथे जवळच असतात ना?"

"तिघंबी हायत. चांगली हायत." ऑफिसातली भाषा त्यांनी मिरजेतच सोडली होती. "एकत्र होतो तवा घरात पंगत बसायची रं रोज. आता येगयेगळी झाली. सणासुदीला बोलवत्यात, जातो की मी. पण मधीच नुसतं उठून जायचं म्हंजे कारण लागतं. का आलीस, आसं कोण इचारत न्हाई. पण बघत्यात." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "कामाचं आसलं की बरं आसतं. कोण काय म्हणत न्हाई."

मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो. स्कूटर चालवायची असल्यामुळे निभावलं.

त्यांच्या इमारतीखाली मी त्यांना सोडलं. तळमजल्यावरचंच घर. त्यांनी पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, "बरंय, सातारकर," म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागलं. मी गाडी चालू केली, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि वळवली.

बेल वाजवल्यावर दार लगेच उघडलं. मॅडमच्या एका पायात अजून चप्पल होती.

"काय रं? काय विसरलास?"

"मॅडम, एक शंका राहिली."

"कसली?"

वाटेत काहीतरी चांगलं सुचेल असं वाटलं होतं. सुचलं नाही. "भोपळा," मी म्हणालो. "उन्हात वाळवायचा की सावलीत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्म्यावर अजून चाचांच्या कारखान्यातला भुसा होता. मग त्यांनी ती चप्पल काढली, दार पुरतं उघडलं आणि बाजूला झाल्या.

"आत ये," मॅडम म्हणाल्या. "दिवस मावळलाय, मला काय चालायचं न्हाई. पण तुला च्या ठेवते. ते लय मोठं हाय, उभ्या उभ्या सांगण्यासारखं न्हाई."